आपलेच दात, आपलेच ओठ

दिवाळीच्या आधीची आवराआवर हा आमच्या घरातला एक लहानसा जीर्णोद्धारच असतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालची अडगळ माळ्यावर जाते, आणि दरवर्षी कुणाला तरी एखादी हरवलेली वस्तू सापडून तो दिवसभर कामातून सुटतो. यंदा माझ्या वाट्याला औषधांचा डबा आला. सुकलेली मलमे, बूच घट्ट बसलेली बाटली, कोणाच्या तरी पायाला कधी काळी गुंडाळलेली क्रेप पट्टी, आणि अगदी तळाशी रबराने बांधलेल्या गोळ्यांच्या चार पट्ट्या.

सूनबाई शेजारीच फराळाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावीत होती. तिने पट्ट्या हातात घेऊन उजेडाकडे धरल्या. "आप्पा, ह्यांची मुदत केव्हाच संपली. टाकून देऊ?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि त्या सदऱ्याच्या खिशात घातल्या. सत्तरी उलटलेला माणूस मुदत संपलेल्या गोळ्या लपवतो आहे, हे पाहून ती हसली. तिला वाटले, म्हाताऱ्याची काटकसर.

त्या चार पट्ट्यांचा हिशेब मी आजवर कोणाला दिलेला नाही. तो द्यायचा म्हणजे आधी तिच्या दुखण्याविषयी सांगायला हवे. आणि ते दुखणे असे विलक्षण आहे की त्याविषयी वाचता वाचता मी निवृत्त मास्तर पुन्हा विद्यार्थी झालो.

सूनबाई नंदुरबारची. तिच्या माहेरी मिरचीचा व्यापार. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, तिथली जमीनच जणू लाल सतरंजी अंथरून बसलेली असते आणि वाऱ्याची झुळूक आली तरी डोळ्यांना पाणी येते. त्यामुळे २०१७ च्या सुमारास उन्हातून आली की तिचा चेहरा लाल होऊ लागला, तेव्हा शहाद्याच्या आमच्या गल्लीत त्यावर विनोदच झाला. मिरचीवाल्याची लेक, तिचा चेहरा लाल नाही व्हायचा तर कोणाचा?

मग सकाळी तिची बोटे वळेनाशी झाली. कळण्याच्या भाकरीचे पीठ मळताना ती मधूनच थांबायची आणि परातीकडे पाहत राहायची. दुपारी झोपायची. केस गळू लागले. ताप यायचा आणि वैद्याकडे जाईपर्यंत उतरायचा. अशा दुखण्याचा मोठा शाप हा की, ते बाहेरच्याला दिसत नाही. पाय मोडला तर सगळे घर धावते. थकवा आला तर घर कपाळाला आठ्या घालते. एकदा ओसरीवर बसून मी सौभाग्यवतीला म्हणालो, "आजकालच्या मुलींना कामाचा कंटाळा. दुखणे काय, मागितले की मिळते." दार लोटलेले होते, पण बंद नव्हते. आत ताटे लावण्याचा आवाज एकदम थांबला. तो थांबलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन वर्षांनी नाशिकच्या एका डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून नुसते तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखी. रक्त तपासले. रोगाचे नाव निघाले ल्युपस. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, म्हणून मध्ययुगात युरोपातल्या वैद्यांनी हे नाव दिले. एकाच रोगाला कोणी फुलपाखराची उपमा दिली, कोणी लांडग्याची. पाहणाऱ्याच्या नजरेचाच हा प्रश्न. पण सातपुड्यात अर्धे आयुष्य काढलेल्या मला लांडगा ऐकताच एक गोष्ट खटकली. लांडगा बाहेरून येतो. तो वाड्यात शिरू नये म्हणून कुंपण घालतात, कुत्री पाळतात. इथे लांडगा आलाच नव्हता. राखणीची कुत्रीच शेळ्यांवर उलटली होती.

करोनाच्या दिवसांत अँटीबॉडी हा शब्द घराघरांत पोचला. मराठीत आपण त्यांना प्रतिपिंडे म्हणू. रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारी ही प्रथिने. ल्युपसमध्ये शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि तीही कोणत्या भागाविरुद्ध? पेशीच्या केंद्रात, जणू देवघरात, जपून ठेवलेल्या डीएनएविरुद्ध. ज्या पोथीत शरीराची सगळी घडण लिहिलेली आहे, त्या पोथीतूनच वाचून शरीर पोथी फाडणारे हात घडवते! पाउल अर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले होते की, स्वतःला विष देण्याचे शरीराला उपजत भय असते. ते भय खरेच आहे. पण भय असणे निराळे आणि चूक न होणे निराळे, हे आपल्यापैकी कोणत्या संसारी माणसाला सांगायला हवे? १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांत एक चमत्कारिक पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले: एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्र गिळलेले. १९५७ मध्ये डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांत सापडली.

ही प्रतिपिंडे येतात कुठून? माझी भाबडी समजूत अशी की, चांगल्या शरीरात ती नसतात आणि बिघडलेल्या शरीरात असतात. खरी हकीकत याहून गुंतागुंतीची निघाली आणि, खरे सांगायचे तर, मला जरा अस्वस्थ करून गेली.

जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारे कंपॉझिटर असत. समोर खिळ्यांच्या केसी. त्यातून एकेक उचलून हवा तो मजकूर उभा करायचा. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, ज्यांना बी पेशी म्हणतात, नेमके हेच करतात. प्रतिपिंडाचे जनुक तयार स्थितीत आईबापांकडून मिळत नाही. मिळतात ते सुटे तुकडे. प्रत्येक पेशी त्यांतले एकेक उचलते, जोडते, आणि जोडताना सांध्यावर थोडे फार इकडे तिकडे करते. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे हे दाखवले आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजक्या तुकड्यांतून अगणित प्रकारची प्रतिपिंडे निघतात. शरीराला उद्या कोणता शत्रू येणार हे माहीत नसते. म्हणून ते सगळ्या संभाव्य शत्रूंची तयारी आधीच करून ठेवते. पण डोळे मिटून केलेल्या या जुळवाजुळवीत स्वतःवरच उलटणारा मजकूरही उभा राहणारच. किती? २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या अगदी कोवळ्या बी पेशी तपासल्या. त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ५५ ते ७५ टक्के स्वतःच्याच शरीराला चिकटणारी निघाली. निरोगी माणसात!

म्हणजे स्वतःवर उलटणे हा अपवाद नव्हे. तो आरंभ आहे. निरोगी माणूस आणि सूनबाई यांच्यातला फरक हा की, पहिल्याच्या शरीरात पुढची निवड नीट होते. स्वतःला चिकटणाऱ्या काही पेशी मरतात. काही जिवंत राहतात, पण मुक्या केल्या जातात. आणि काहींच्या बाबतीत शरीर एक गोष्ट करते, जी १९९३ मध्ये उघडकीला आली आणि जी वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्या पेशीला आपले जनुक पुन्हा जुळवण्याची संधी दिली जाते. चुकलेला खिळा काढ, दुसरा बसव, पुन्हा तपासू. शाळेत आम्ही नापासांची फेरपरीक्षा घेत असू. शरीर ती आमच्याआधी घेत आले आहे.

परंतु परीक्षा एकदाच संपत नाही. पुढे खरा जंतू आला की बी पेशी आपली प्रतिपिंडे अधिक धारदार करण्यासाठी जनुकातली अक्षरे घाईघाईने बदलू लागतात. शौर्याच्या भरात नेमके इथे पाऊल घसरते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड आणि मॅथ्यू शार्फ यांनी उंदराच्या एका पेशीवंशात हे घडताना पकडले. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरचा एक घटक ओळखणारे, म्हणजे पक्के सज्जन असे एक प्रतिपिंड. त्याच्या लांब साखळीतल्या ३५ व्या जागी ग्लुटॅमिक आम्ल असते. तिथे बदल होऊन ॲलानिन आले. एवढा एकच मणी बदलला, आणि ते प्रतिपिंड जंतूला ओळखेनासे झाले व डीएनएला चिकटू लागले. रक्षक आणि भक्षक यांच्यात अंतर किती, तर एका मण्याचे.

आणखीही वाटा आहेत. मेलेल्या पेशींचा केरकचरा वेळेवर उचलला गेला नाही तर केंद्रातले द्रव्य उघड्यावर पडते. ही सफाई करणाऱ्या प्रथिनांपैकी एक, सी-१-क्यू, ज्यांच्यात जन्मतःच नसते त्यांच्यापैकी बहुतेकांना ल्युपस होतो. (दिवाळीच्या झाडलोटीचे महत्त्व याहून चांगले कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.) एक्स गुणसूत्रावरच्या टीएलआर-७ या जनुकातल्या एका अक्षराने एका स्पॅनिश मुलीला बालपणीच ल्युपस दिल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. स्त्रियांत दोन एक्स गुणसूत्रे असतात, आणि या रोगाचे दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. या दोन गोष्टींचा संबंध शास्त्रज्ञ लावीत आहेत.

आता मला डोंगर चढून मागे जायला हवे.

१९८१ मध्ये मी धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत शास्त्र आणि गणित शिकवायला रुजू झालो. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता; तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. पोरे भिल्लांची, पावऱ्यांची. डोंगर मोठे देखणे आणि हिवाळा बोचरा. पहाटेच्या कवायतीला एक मुलगा नेहमी मागे राहायचा. पाय दुखतात म्हणायचा. दुखण्याची जागा रोज बदलायची. आज गुडघा, उद्या कंबर. मला मास्तरकीचा नवा ताठा. जागा बदलणारे दुखणे म्हणजे सोंग, असा माझा सिद्धांत. एका थंडीच्या सकाळी मी त्याला मैदानाला तीन फेऱ्या घालायला लावल्या. दुसऱ्या फेरीत तो बसला, आणि मग आडवा झाला. त्याचा बाप येऊन त्याला खांद्यावर घालून घेऊन गेला. जाताना माझ्याकडे पाहून त्याने रामराम केला. मुलगा परत शाळेत आला नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्या घरातले दुखणे काय होते ते कळले: सिकलसेल.

सिकलसेलची गोष्ट जनुकशास्त्राच्या पहिल्या धड्यातली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्ल असते. व्हर्नन इंग्रॅमने १९५७ मध्ये दाखवले की या रोगात तिथे व्हॅलिन असते. तोच ग्लुटॅमिक आम्लाचा मणी सुटतो, दुसरा बसतो. आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, थंडीत अंग पिळवटून निघते. त्या मुलाच्या दुखण्याची जागा रोज बदलायची ती त्यामुळे. सोंग रोज एकाच जागी दुखते. ते सोपे असते.

मग हे अक्षर सातपुड्यात इतके रुजले कसे? त्याचे उत्तर ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतून दिले. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आले तर माणूस आजारी पडत नाही, उलट मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बऱ्याच अंशी वाचतो. दोघांकडूनही आले तर रोग. मलेरियाच्या मुलखात ज्या अक्षराने शेकडो पिढ्यांची लेकरे वाचवली, त्याची किंमत मधून मधून एखाद्या लेकराकडून वसूल होते. माझ्या मैदानावर बसलेला मुलगा दुसऱ्यांच्या वाचण्याची किंमत चुकती करीत होता, आणि मी त्याला आळशी म्हणत होतो.

आणि ल्युपस? मला वाटले होते की हा शहरी, पुस्तकी रोग. त्याचा डोंगरातल्या तापाशी काय संबंध? पण २०१० मध्ये एक शोधनिबंध आला. बी पेशींना आवर घालणारा एक लगाम असतो; त्याच्या जनुकाचे नाव एफसीजीआर-२-बी. या लगामाचा एक ढिला प्रकार ल्युपसचा धोका वाढवतो, आणि केनियातल्या मुलांत तोच ढिला प्रकार गंभीर मलेरियापासून संरक्षण देतो असे त्यात दिसले. लगाम ढिला, म्हणजे प्रतिपिंडे जोरात. शत्रूवरही आणि स्वतःवरही. त्या मुलाचा विळा आणि सूनबाईचा लांडगा दूरच्या नात्यातले निघाले. योगायोग इथेही संपत नाही. सूनबाईला जी गोळी रोज घ्यावी लागते, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ती मुळात मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रुधिरप्रतिरक्षा संशोधनाची संस्था आहे. तिथे सिकलसेलवर काम झाले आहे, आणि ल्युपसच्या रुग्णांतल्या स्वतःविरुद्धच्या प्रतिपिंडांवरही. त्याच केईएमशी १९५२ चा 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जोडलेला आहे. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. ज्याला आपण सर्वांना चालणारे रक्त समजतो ते ओ गटाचे रक्तसुद्धा या माणसांना परके वाटते. आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी विचारला असे आपण समजतो. रक्त तो त्यांच्याआधीपासून विचारते आहे.

मग दोष कोणाचा? माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर लागोपाठ मरणे झाली, की कोणीतरी बुवा एखाद्या बाईचे नाव घेतो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्याकडे जमिनीचा तुकडा असतो. ती डाकीण ठरते, तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण हा प्रकार पुरता थांबलेला नाही. आपण सपाटीवरची शिकलेली माणसे यावर नाके मुरडतो. सूनबाई आजारी पडली त्याच वर्षी आमच्या शेतात बोअरला पाणी लागले नाही आणि माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा आमच्या घरात पायगुण हा शब्द उच्चारला गेला. मी उच्चारला नाही. पण उच्चारणाऱ्याला गप्पही केले नाही. डाकीण आणि पायगुण यांच्यात मला आता फक्त दगडाचा फरक दिसतो. त्यांच्या हातात तो असतो, आमच्या जिभेवर.

कोणी म्हणेल, प्रारब्ध. कर्मविपाकाचा सिद्धांत मोठा दिलासा देणारा आहे हे मी नाकारीत नाही. पण त्याला एक कडू शेपूट आहे. तो रुग्णाला सांगतो की, हे तुझेच. जनुकेही सांगतात की, हे तुझेच. परंतु ती 'तुझा अपराध' म्हणत नाहीत, 'तुझा वारसा' म्हणतात. आणि तो वारसा ज्यांच्याकडून आला ते कधी काळी त्याच्यामुळेच जगले असतील. दोषी शोधायला निघालेला माणूस या वाटेने गेला तर शेवटी त्याला कोणी तरी वाचवणाराच भेटतो.

इथवर मी मोठ्या शहाण्यासारखे लिहीत आलो. आता पट्ट्यांचा हिशेब.

२०२० चा मार्च. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची तारीफ केली होती. आपल्याकडेही आरोग्यसेवकांनी प्रतिबंधक म्हणून ती घ्यावी असा सल्ला २२-२३ मार्चला निघाला. (करोनावर तिचा उपयोग होत नाही असे पुढे मोठ्या चाचण्यांत ठरले, पण तोवर व्हायचे ते झाले.) घरोघर माणसे ती गोळी साठवू लागली. ल्युपसच्या रुग्णाला ती रोज लागते, बंद केली तर रोग उसळतो, हे मला पाठ होते. टाळेबंदी लागण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओळखीच्या औषधाच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे तेरा पट्ट्या होत्या, प्रत्येकी दहा गोळ्यांच्या.

"सगळ्या दे," मी म्हणालो.

तो घुटमळला. "गुरुजी, ह्यातल्या दोन मी दर महिन्याला धडगावकडच्या एका बाईसाठी ठेवतो. तिलाही तुमच्या सूनबाईंचाच आजार."

"तिला मागवून दे की. गाड्या काय बंद पडणार आहेत?"

उद्या काय होणार हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. पण मला अंदाज होता. नसता तर मी तेरा पट्ट्या कशाला मागितल्या असत्या? माझ्या वयाला आणि गुरुजीपणाला मान देऊन त्याने सगळ्या दिल्या. घरी येताना मला, खोटे का बोलू, अभिमान वाटला. ज्या सुनेला मी एकदा आळशी म्हटले होते तिच्यासाठी मी काहीतरी केले होते. दाराआडच्या त्या थांबलेल्या आवाजाची भरपाई.

जून उजाडताना मुलाने नाशिकहून सहा महिन्यांच्या गोळ्या आणल्या. तेरापैकी नऊ पट्ट्या संपल्या होत्या. उरलेल्या चार डब्याच्या तळाशी गेल्या.

२०२१ च्या हिवाळ्यात शहाद्याच्या बसस्थानकावर एक बाई वाकून माझ्या पाया पडली. "सर, ओळखलं का?" चेहरा गोल सुजलेला, मी ओळखले नाही. नाव सांगितल्यावर ओळखले. आश्रमशाळेत सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, अपूर्णांकांत हुशार. पुढे अंगणवाडीत लागली. चेहऱ्याची सूज औषधांची, म्हणाली. टाळेबंदीत गोळी मिळाली नाही, दोन महिने. नवरा फटफटी घेऊन मागच्या रस्त्याने दोनदा शहाद्याला येऊन गेला, दुकानात नव्हती. मग पायावर सूज आली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. लांडगा मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. आता जरा बरे आहे. "तुमच्या घरी सगळे बरे ना, सर?"

मी म्हणालो, बरे आहेत. तिची गाडी लागली, ती गेली.

त्या दिवसापासून मी स्वतःशी वकिली करीत आलो आहे. मी चोरी केली नाही, पैसे मोजले. जे केले ते आपल्या माणसासाठी केले. कोणता बाप, कोणता सासरा निराळे वागला असता? सगळे मुद्दे बरोबर आहेत, आणि एकही कामाचा नाही. कारण हेच सगळे मुद्दे सूनबाईच्या शरीरातले प्रतिपिंडही मांडू शकते. तेही राखणच करीत असते. तेही आपल्याच माणसासाठी लढत असते. त्याची चूक एवढीच की, आपले कोठे संपते ते त्याला कळत नाही. पण त्याला डोळे नाहीत, आणि त्याला कोणा दुकानदाराने थांबून सांगितलेले नसते. मला सांगितले होते. 'धडगावकडची बाई' एवढे ऐकून मी तिला परकी ठरवले. नाव विचारले असते तर ती माझीच निघाली असती. आणि समजा नसती निघाली, तर? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक टोचतो, आणि तो मी बरीच वर्षे पुढे ढकलीत आलो.

आपलेच दात, आपलेच ओठ, असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार कोणाकडे करायची या अर्थाने म्हणतो. ओठाच्या बाजूने म्हणतो. दाताच्या बाजूने ती म्हण कोणी वापरल्याचे मी ऐकलेले नाही.

परवा रात्री पणत्या भिजत घालताना मी सूनबाईला हे सगळे सांगितले. पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एकेक पट्टी सरळ करून तिने विचारले, "तेरा होत्या?"

"तेरा."

"आणि मी नऊच संपवल्या." बोटे वळत नव्हती तेव्हा ती परातीकडे पाहायची, तशी पट्ट्यांकडे पाहत ती म्हणाली, "दोन तिला दिल्या असत्या तरी दोन उरल्या असत्या, आप्पा."

मी मान हलवली. गणिताचा मास्तर मी. ही वजाबाकी मी त्या बसस्थानकावरच केली होती.

"तिला माहीत आहे?"

"नाही."

तिने पाड्याचे नाव विचारले. मी सांगितले. तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरात, भाऊबीजेच्या पुढच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहिले आणि मुलाला हाक मारून विचारले की, त्या दिवशी गाडी मोकळी आहे का.